सात किलो ऊन

आत्याच्या लग्नाच्या दिवशी दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी गाडीत अकरा टक्के उरले होते आणि नवरी अठ्ठावन्न वर्षांची होती. यातला एकही आकडा घरात कोणाच्या पचनी पडला नव्हता.

“अकरा?” आत्यानं पोर्चच्या भिंतीवरच्या करड्या पेटीवर बोट टेकवलं. “पुढचा एखादा आकडा पुसला गेलाय का याचा?”

“नाही गं. अकराच आहेत,” ठिणगी म्हणाली. ही दादाची, म्हणजे आत्याच्या थोरल्या भावाची मुलगी. धंद्यानं इलेक्ट्रिशियन, म्हणून ठिणगी. शाळेच्या पटावर काय नाव होतं ते आता तिलाही क्षणभर थांबून आठवावं लागतं. पेटी तिनंच बसवलेली, त्यामुळे पेटीच्या बाजूनं बोलायची जबाबदारीही तिचीच होती.

“काल संध्याकाळी बासष्ट होते.”

“होते. पण तूच रिकामी करायला सांगितलीस ना.”

“मी?”

“सकाळी सात वाजता. जिन्यावरून, डोक्याला टॉवेल गुंडाळून. ‘ठिणगे, गाडी रिकामी करून ठेव, मला दुपारी निघायचंय.’ मग केली रिकामी.”

आत्या गाडीच्या मागे गेली आणि तिनं डिकी उघडली. आत दादाची मातीची चार पोती मागच्या मंगळवारपासून आरामात पडून होती. त्यातलं एक फुटून नव्या चटईवर माती सांडली होती.

“ही,” ती म्हणाली. “ही चार पोती काढ म्हणत होते मी.”

आता याला काय म्हणावं? बाहेरच्या जगात गाडी रिकामी कर म्हटलं की माणसं सामान उतरवतात. या घरात दोन वर्षांत त्या शब्दाचा अर्थच फिरला होता. दिवसा छतावरचं सोलर गाडी भरायचं, आणि संध्याकाळी तीच वीज पेटीतून उलटी येऊन घराचे दिवे, पंखे, पंप, सगळं चालवायची. गाडी आत्याची, निवृत्त झाल्यावर हौसेनं घेतलेली. पण ती रस्त्यावर कमी चालायची आणि घर जास्त चालवायची. ‘गाडी भरली का’, ‘गाडी रिकामी होत आली’, ‘सकाळच्या पंपापुरतं राहू द्या गाडीत’ हे दिवसातून दहादा बोललं जाई आणि त्यात सामानाचा काही संबंध नसे. छतावरून किती वीज येते हेही ही मंडळी किलोवॅट न म्हणता नुसतं किलोत मोजत. ‘आज सात किलो ऊन आहे,’ असं वहिनी म्हणायची, तेव्हा एकतीस वर्षं बाजारातली वजनंमापं तपासण्यात घालवलेली आत्या कानांवर हात ठेवायची. वर्षभरानं तिनं हात काढले, आणि पुढच्या उन्हाळ्यात तर ती स्वतःच तसं बोलू लागली.

“पण निघायचंय म्हटल्यावर कोणी गाडीतली वीज काढून घेतं का गं?”

“तूच काल म्हणालीस ना, ‘ठेवा तुम्हालाच गाडी, मी त्यांच्या टेम्पोतून जाईन.’ सगळ्यांसमोर.” ठिणगीनं बाहीनं नाक पुसलं. “मला वाटलं, खरंच गाडी ठेवून चाललीयेस, आणि जाता जाता बाबांच्या भट्टीला शेवटचं भरभरून देतेयस. मला रडू आलं, आत्या. रडत रडत बटण दाबलं मी.”

काल आत्या तसं बोलली होती खरं. तिच्या लग्नाला घरात उघड विरोध कोणाचाच नव्हता. विरोध होता गाडी जाण्याला, आणि काल संध्याकाळची बैठक दोन तास त्याच विषयावर चालली होती. धाकट्या भावानं, जो विमा विकतो आणि कशाचेही हप्ते पाडू शकतो, गाडीचे वार वाटून द्यायची योजना कागदावर मांडली होती: चार दिवस इकडे, तीन दिवस तिकडे. दादा म्हणाला होता, घर असं अंधारात टाकून जाणं बरं दिसत नाही. तेव्हा आत्याचं डोकं फिरलं आणि ती ते वाक्य बोलून गेली. रात्री झोपताना तिनं मनातल्या मनात ते परत घेतलं होतं, पण मनातलं ठिणगीला कुठून कळणार.

आज गावाची वीजही नव्हती. लाइनच्या कामासाठी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा बंद, अशी सूचना आठवडाभर फाटकावर लटकत होती. म्हणजे मागच्या शेडमधली दादाची माती भाजायची विजेची भट्टी सकाळपासून एक तर उन्हावर चालली होती, नाही तर आत्याच्या गाडीवर.

तिनं फोन लावला.

“टोकन एकेचाळीस,” विवाह नोंदणी कचेरीतून दुकानदार म्हणाला. हाच नवरा मुलगा. वय एकसष्ट, घाटापलीकडच्या शहरात किराणा मालाचं दुकान. “आत्ता सतरा चाललाय. पावणेचारपर्यंत आपला नंबर येईल म्हणतात. निघालात ना तुम्ही?”

“निघतेच आहे. तुम्हाला टेम्पो घेऊन इकडे यायला नाही ना जमणार?”

“उठलो की टोकन गेलं. पुढची तारीख सहा आठवड्यांनंतरची आहे, मी आपलं विचारून ठेवलं. का, काही अडचण आहे?”

“छे. तुम्ही बसा. हलू नका.”

फोन ठेवला तेव्हा धाकटा फाटकातून घाम पुसत आत येत होता. बाराची बस गेली होती, स्टँडवरचा टॅक्सीवाला साडेतीनच्या आधी मोकळा होत नव्हता, आणि हे दोन्ही शोध लावून आल्याचं थोडंसं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं.

सहा आठवडे. आत्या पोर्चच्या पायरीवर बसली. तिला ते सहा आठवडे चांगले ओळखीचे होते. सव्विसाव्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा ‘सहा आठवडे थांबू’ असंच ठरलं होतं. एकतिसाव्या वर्षी ठिणगी पोटात असताना वहिनीला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं, तेव्हाही सहाच आठवडे. दोन्ही वेळा कोणी तिला अडवलं नव्हतं. तिला फक्त गरजेचं करून ठेवलं होतं, आणि मग समोरचा माणूस वाट बघून कंटाळून निघून गेला होता. आज गेले नाही तर मी जात नाही, हे तिला तिथे पायरीवर स्वच्छ दिसलं. भीतीनं नव्हे, हिशेबानं दिसलं.

आणि या माणसाला तिला सोडायचं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी, नोकरीच्या शेवटच्या महिन्यात, तिनं त्याच्या दुकानातला काटा तपासला होता. काटा किलोमागे चार ग्रॅम चुकत होता, पण गिऱ्हाइकाच्या बाजूनं. एकतीस वर्षांत मालकालाच बुडवणारा काटा तिनं पहिल्यांदा पाहिला. नियमाप्रमाणे तिनं त्यालाही नोटीस लिहिली. तो म्हणाला होता, “मला माहीत आहे हो. पण तक्रार कोणी करत नाही.” त्या दिवशी आत्या घरी येऊन कारण नसताना हसत होती, आणि वहिनीनं तिचा ताप बघितला होता.

“किती लागतील?” तिनं उठून विचारलं.

“छप्पन्न किलोमीटर, वर घाट,” ठिणगी बोटं मोजत म्हणाली. “तीस टक्के तरी. पंचवीसला निघालीस तर घाटाच्या वळणावर लग्न लागेल.”

“आणि अडीचच्या आत निघायला हवं.”

“छत सात किलो देतंय. घर सातच्या सात खातंय. गाडीला शून्य.”

“मग घराचं खाणं बंद करा,” आत्या म्हणाली, आणि सगळे धावले.

ते धावणं बघण्यासारखं होतं. ठिणगीनं पाण्याचा पंप बंद केला, धाकट्यानं पंखे, वहिनीनं फ्रिज. फ्रिजमधलं दूध वाया जाऊ नये म्हणून वहिनीनं उभ्याउभ्या सगळ्यांना एकेक पेला पाजला. दिवाणखान्यातल्या माशांच्या टाकीचा बुडबुडेवाला पंप काढायची वेळ आली तेव्हा ती घुटमळली, मग बाही वर करून तिनं डावानं पाणी ढवळायला सुरुवात केली आणि माशांना म्हणाली, “आज जरा सांभाळून घ्या रे.” धाकट्यानं आपल्या फोनचा चार्जर उपसला आणि तो हातात उंच धरून पोर्चमध्ये आला.

“ताई, माझा फोन आठ टक्क्यांवर आहे. तरी काढला. आज तीन माणसं पॉलिसीसाठी फोन करणार होती.”

“तुझा फोन म्हणजे चिमूटभर मीठ रे,” आत्या म्हणाली. “पण काढलास ते बरं केलंस.”

“दाराची बेल काढू का?” आतून वहिनीनं विचारलं.

“बेल कोण वाजवतंय आता, सगळे आत तर आहोत.”

तरी तिनं बेल काढली. पेटीसमोर सगळे जमले. गाडीला आता एक किलो मिळत होतं. ठिणगीनं आकडेमोड केली: अडीचला सोळा टक्के. पंखे बंद झाल्यामुळे मागच्या शेडमधून भट्टीचा गुणगुणाट स्पष्ट ऐकू यायला लागला. उरलेले सहा किलो तिथे जात होते. हे पाचही जणांना पहिल्यापासून माहीत होतं, आणि म्हणूनच त्यांनी आधी बेल काढली होती.

पाचवा दादा. तो अजून शेडमधून बाहेरच आला नव्हता.

आत्या आत गेली तेव्हा तो भट्टीसमोर स्टुलावर बसून तापमानाच्या काट्याकडे बघत होता. त्रेसष्ट वर्षांचा, खांद्यानं रुंद, पापण्यांवर मातीची पूड. घरांच्या दारावर लावायच्या चिनी मातीच्या नंबरपाट्या करायचा त्याचा धंदा. तो घडवायचा आणि वहिनी हातानं आकडे रंगवायची. निम्म्या गावाच्या दारांवर या दोघांचे आकडे होते.

“नऊशे चाळीस झालेत,” तो मागे न वळता म्हणाला. “अकराशेला नेऊन तासभर धरायची, मग सोडायची. तीनपर्यंत काम आहे, ठकू.” तिला ठकू म्हणणारा आता जगात तो एकटाच उरला होता.

“तीनला उशीर होतो, दादा.”

“ऐकलं मी. सगळं ऐकू येतं इथे.”

“सात किलोतले सहा तू खातोयस.”

“मी खात नाही. भट्टी खाते.” तो वळला. “चौसष्ट पाट्या आहेत आत. नव्या वसाहतीच्या. उद्या न्यायला येणार. मध्येच बंद केली तर झिलई चढत नाही, सगळ्या आजारी दिसतात. आणि लोकांच्या दारावर त्या जन्मभर राहायच्या असतात.”

दारात धाकटा येऊन उभा राहिला होता. तो नेहमी जिथे वारा असेल तिथे उभा राहायचा.

“दादाचंही बरोबर आहे, ताई. दिलेला शब्द आहे. आणि सहा आठवडे म्हणजे काय, बघता बघता जातात. तोवर गाडीचंही नीट ठरेल. वाटलं तर पाच दिवस तिकडे, दोन दिवस इकडे करू.”

“माझ्या वेळीही सहाच आठवडे होते, भावोजी,” त्याच्या मागून वहिनी म्हणाली. तिच्या हातात अजून माशांच्या टाकीतला डाव होता. “त्यांची बघता बघता सत्तावीस वर्षं झाली. मी पलंगावर पडून होते आणि वन्सं मला भरवत होत्या. दुपारी फोन वाजायचा, त्या उठून जायच्या आणि म्हणायच्या, ‘अजून थोडे दिवस.’ मला सगळं ऐकू यायचं. मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग करायचे.”

आत्यानं तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत दोघींमध्ये हा विषय कधी निघाला नव्हता.

“बंद करा ती भट्टी,” वहिनी दादाला म्हणाली.

“आकडे तुझे आहेत त्यावर. महिनाभर मान मोडून लिहिलेस.”

“पुन्हा लिहीन. एक ते चौसष्ट मला पाठ आहेत.”

धाकटा खुदकन हसला आणि मग आपण कोणाच्या बाजूला होतो ते आठवून गप्प झाला. पण हसू फुटलं की बाजू टिकत नाही. “खरंय हो दादा,” तो म्हणाला. “वसाहतवाल्यांना मी सांगतो. पाट्या उशिरा आल्या म्हणून कोणी घर विसरत नाही. मी पटवतो त्यांना, तेवढं तर येतं मला.”

दादा उठला नाही. त्यानं दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासले.

“पाट्यांचं काही नाही,” तो शेवटी म्हणाला. “पाट्या पुन्हा होतात. काल दोन तास गाडी गाडी करत बसलो, ते कशासाठी? गाडी जाऊ दे, असं मला म्हणता येतं. तू जा, हे तोंडातून निघत नाही. सकाळी तू खाली आलीस की घर सुरू होतं, ठकू. पेटी कालपरवाची आहे.”

आत्याला त्याच्याशेजारी बसावंसं वाटलं, पण एक वाजायला दोन मिनिटं होती.

“मग तोंडातून काढू नकोस,” ती म्हणाली. “बटण बंद कर.”

दादानं बहुतेक दहा मोजले असतील. मग त्यानं हात पुढे करून बटण उलटं फिरवलं, आणि शेडमधला आवाज थांबला. लगेच पोर्चमधून ठिणगीची आरोळी आली: “पाच किलो. सहा. साडेसहा, बाबा, साडेसहा जातायत गाडीला.”

त्यानंतरचा दीड तास त्या घरात कोणी शुद्धीवर नव्हतं. गाडी हलकी करायचं ठरलं. दादानं चारही पोती स्वतः उतरवली. मग चटया गेल्या, छत्र्या गेल्या, स्टेपनी गेली, पुढच्या खणातली जुनी बिलं आणि सुट्ट्या नाण्यांची पिशवी गेली. आत्याची पितळी वजनांची पेटी, जी तिला निवृत्तीच्या दिवशी खात्यानं भेट दिली होती, ठिणगीनं तिच्या हातातून काढून घेतली.

“अकरा किलो आहेत गं.”

“अकरा किलो दोनशे,” आत्या म्हणाली. “पण ती माझी आहेत.”

“मी आणून देईन पुढच्या आठवड्यात,” दादा म्हणाला, आणि आपण काय कबूल करून बसलो हे कळून पुन्हा डिकीत डोकं घालून बसला.

धाकट्याला छतावर पाठवलं. सोलरवर धूळ होती, ती पुसली तर पाव किलो तरी वाढेल असं ठिणगीचं म्हणणं. तो ऑफिसचे बूट घालूनच वर चढला, बादली आणि लांब दांड्याचा पोछा घेऊन, आणि वरून दर मिनिटाला हवामानाच्या बातम्या देऊ लागला. पावणेदोनला बातमी वाईट होती.

“ढग येतोय. एकच आहे, पण येतोय.”

“केवढा?” खालून सगळ्यांनी एकदम विचारलं.

“आपल्या घराएवढा.”

ढग आला. पेटीवरचे सहा किलो दोनवर आले. सगळे अंगणात येऊन माना वर करून उभे राहिले. वहिनी काहीतरी पुटपुटत होती. प्रार्थना असेल म्हणून आत्यानं कान दिला, तर ती ढगाला शिव्या घालत होती, हलक्या आवाजात आणि अगदी निवडून. धाकटा वर पोछा हलवून ढगाला हाकलत होता. त्याला त्या अवतारात बघून पहिल्यांदा ठिणगी हसली, मग वहिनी, आणि मग दादाच्या पोटातून ते जुनं गडगडाटी हसू आलं, जे घरानं कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. आत्या हसता हसता पायरीवर बसली आणि तिच्या नव्या निळ्या कपड्यांना माती लागली. कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

ढग गेला. जाताना तो धाकट्याच्या पोछ्याला घाबरून गेला, असं धाकट्यानं पुढे आयुष्यभर सांगितलं.

दोन वाजून पंचवीस मिनिटांनी पेटीवर एकतीस आकडा आला. नोंदणीला तीन साक्षीदार लागत होते, दोन तिकडचे आणि एक इकडचा. इकडून वहिनी जायची, हे आधीच ठरलं होतं. ती एक्कावन्न किलोची, म्हणजे गाडीलाही सोयीची. ती पुढच्या सीटवर जाऊन बसली. ठिणगीनं वायर काढायला हात घातला तर दादा म्हणाला, “थांब. मी काढतो.”

त्यानं दोन्ही हातांनी प्लग ओढला. एरवी असं केलं की घर डोळे मिटायचं. आज बंद व्हायला काही उरलंच नव्हतं, फक्त पेटीवरचा हिरवा दिवा गेला. दादा वायर हातात घेऊन तसाच उभा राहिला. एवढ्या मोठ्या माणसाला आता या हातांचं काय करायचं ते कळत नव्हतं, आणि आत्याला त्याच्याकडे बघवेना.

गाडीचं दार उघडलं. वहिनी खाली उतरली.

“माझा गुडघा आज नाही म्हणतोय,” ती म्हणाली.

“कुठला?” दादानं विचारलं.

“दोन्ही. तुम्ही जा. सही तर करायचीय, ती तुम्हालाही येते.”

“अगं पण मी...” दादानं आपल्या पोटाकडे पाहिलं. “गाडीला झेपायचं नाही.”

“आई, हिशेब बिघडेल गं सगळा,” ठिणगी डोक्याला हात लावून म्हणाली. “बाबा ब्याण्णव किलो आहेत.”

“चौऱ्याण्णव,” आत्या म्हणाली. “मीच तोललाय.” आणि मग, जिनं बाजारात कोणाचा एक ग्रॅमही कधी चालवून घेतला नाही ती बाई दादाला म्हणाली, “बस.”

“चढावर फार खाईल,” ठिणगी खिडकीत वाकून भराभर सांगू लागली. “एसी लावायचा नाही. रेडिओ नाही. काचा बंद. माथ्यावर चार टक्के उरले तर नशीब. पण एकदा माथा ओलांडलास की उतारावर गाडी उलटी भरते, ते लक्षात ठेव. ब्रेक दाबू नकोस, नुसता पाय काढ. आणि आत्या,” तिनं खिडकीवर टिचकी मारली, “शब्द नीट वापरत जा गं.”

घाट सुरू झाला. आत उकडून अंगाचं पाणी होत होतं. चौदा झाले, बारा झाले, नऊ झाले. प्रत्येक वळणावर दादा छाती फुगवून बसत होता.

“श्वास सोड,” आत्या म्हणाली. “रोखून धरल्यानं वजन कमी होत नाही.”

माथ्यावर तीन उरले होते. एक लाल दिवा लागला होता आणि गाडी काहीतरी टिंग टिंग करून सांगत होती. मग रस्ता खाली वळला, आत्यानं पाय काढला, आणि टिंग टिंग थांबली. एका लांब वळणानंतर तिनाचे चार झाले.

“चार,” दादा म्हणाला. “ठकू, चार झाले.”

“बघतेय.”

“पाच. अगं, ही वाढतेय. न भरता वाढतेय.”

“तू भरतोयस. उतारावर जेवढं वजन जास्त तेवढं जास्त परत मिळतं. वहिनी असती तर अजून चारच असते.”

दादाला हे इतकं आवडलं की तो सीटवर जरा अजून पसरून बसला. सहा झाले तेव्हा त्यानं खिडकीची काच खाली केली, वारा आत आला, आणि दोघं भावंडं शाळेतून पळून आल्यासारखी हसत सुटली. खाली शहराची छपरं दिसायला लागली. त्यातल्याच एका इमारतीत एक माणूस हातात टोकन धरून, सांगितल्याप्रमाणे, न हलता बसला होता. आत्याला एकदम इतका आनंद झाला की तिनं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

“मग येताना गं?” दादानं विचारलं. “येताना हाच चढ लागणार. तिकडे भरायची कुठे? किती वेळ लागेल?”

तिनं एक वळण जाऊ दिलं.

“येताना मी नाही, दादा,” ती म्हणाली. “येताना तू साडेपाचच्या बसनं ये.”

दादाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. सकाळपासून, कदाचित दोन वर्षांपासून ठाऊक होतं. पण हसण्याच्या भरात तो क्षणभर विसरला होता, आणि आता ते पुन्हा पहिल्यापासून कळावं लागत होतं. त्यानं तळहातानं तोंड पुसलं. पापण्यांवरची माती गालावर उतरली.

“मग जरा हळू चालव,” तो म्हणाला.

आत्यानं घड्याळ पाहिलं. हातात नऊ मिनिटं होती. त्यातली चार तिनं त्याला दिली.